खालचा सूर

"आ म्हण," रंगनाथ म्हणाला.

मी त्याच्याकडे नुसता बघत राहिलो.

"डॉक्टरपुढे करतात तसला आ नव्हे लेका. घशातला नको, पोटातला. असा." त्यानं डोळे मिटले आणि एक सूर लावला. खर्जातला, सरळ, न हलणारा. दिवाणखान्यातल्या शोकेसची काच बारीक थरथरली. स्वयंपाकघरातून कुमुद हातात झारा घेऊन धावत आली.

"रंगनाथभावजी, काय झालं?"

"काही नाही वहिनी. वकीलसाहेबांची उलटतपासणी चाललीय. साक्षीदार तोंड उघडत नाही."

कुमुदचा चेहरा पडला. आमच्या घरात तेव्हा माझ्या तोंडावरून कोणी विनोद करत नसे. रंगनाथला ते कळलं नसेल असं नाही, पण त्यानं तिकडे लक्षच दिलं नाही. खुर्ची आणखी पुढे ओढून तो परत म्हणाला, "चल मधू. आ."

रंगनाथ बोरस्ते जाऊन आता चार वर्षं होतील. त्याची आठवण निघाली की लोक द्राक्षांबद्दल बोलतात, आणि ते बरोबरच आहे. निफाड तालुक्यात आज जी छाटणी होते तिच्यातलं बरंचसं त्यानं बांधाबांधावर उभं राहून शिकवलेलं आहे. मला मात्र तो आठवतो तो त्या दुपारचा, मला आ करायला लावणारा.

मी मधुसूदन गायधनी. नाशिकच्या कोर्टात फौजदारी वकिली करण्यात माझा जन्म गेला. बोलणं हा माझा धंदा होता, आणि खरं सांगायचं तर व्यसनही. त्या वर्षी गणपती झाल्यावर एका सकाळी दाढी करताना ब्रश हातातून गळून पडला. कुमुदला हाक मारायला तोंड उघडलं, तर तिचं नावच सापडेना. मेंदूत गुठळी झाली होती. पाय लवकर ताळ्यावर आला, उजवा हात निम्माशिम्मा परत मिळाला, बोलणं मात्र गेलं ते गेलंच. समोरचा काय म्हणतोय ते सगळं कळायचं. आपल्याला काय म्हणायचंय तेही आत तयार असायचं. पण ते ओठांपर्यंत येईना. मागे एकच शब्द उरला, 'तर'. कोर्टात प्रत्येक नवा मुद्दा मी त्याच शब्दानं सुरू करायचो. आता पाणी हवं असलं तरी 'तर', नको असलं तरी 'तर'.

भेटायला येणारे माझ्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायचे, जसे काही माझे कानच गेलेत. मग आवाज उतरवून कुमुदशी बोलायचे, जसा काही मी खोलीतच नाही. वाचा-उपचार करणाऱ्या बाई यायच्या. बाई मनानं फार चांगल्या. त्यांच्याकडे चित्रांची कार्डं असायची, मांजर, छत्री, किल्ली. पण मांजराच्या चित्रासमोर बसलेला गायधनी वकील मला बघवत नसे. त्यांची पाठ वळली की मी कार्डं पालथी घालून ठेवी. दिवाळी झाली आणि मी फाटकाबाहेर पडणंही सोडलं. माणूस भिंतीकडे तोंड करून किती वेळ पडू शकतो, याचा अंदाज धडधाकट माणसाला येणार नाही.

अशात रंगनाथ एका दुपारी आला, आणि कोर्टात उशिरा आलेल्या अशिलासारखा सरळ मुद्द्यावर आला.

"फेब्रुवारीत लेवान येतोय, जॉर्जियाहून. आणि आमच्याकडे बानी नाही."

रंगनाथचं जॉर्जिया आम्हा मित्रांना तोंडपाठ होतं. अमेरिकेतलं नव्हे, काळ्या समुद्रापलीकडचा, काकेशसच्या पायथ्याचा देश. तेव्हा तो रशियाच्या अमलाखाली होता. कृषी विद्यापीठानं पंचविशीतल्या रंगनाथला द्राक्षवेलींचा अभ्यास करायला तिकडे पाठवलं होतं. काखेती नावाच्या प्रांतात एका खेड्यात तो वर्षभर राहिला, आणि येताना तिथली गाणी घेऊन आला. गाणी म्हणजे तीन आवाजांची. तिघांनी एकच चाल म्हणायची नाही, तिघांच्या तीन वाटा. दोघं वर गातात, एकमेकांना छेद देत, गुंतत, सुटत. तिसरा त्यांच्या खाली एक लांब सूर धरून बसतो. त्या खालच्या सुराला ते बानी म्हणतात.

ही गाणी एकट्यानं म्हणायची सोय नाही, आणि हेच त्याचं दुखणं होतं. छाटणी शिकवली तेव्हा सगळा तालुका शिकला. गाणी शिकायला कोणी तयार होईना. आमच्या कानांना ती बेसूर वाटायची. "त्यांचे सूर पेटीत बसत नाहीत, त्याला मी काय करू?" असं तो म्हणायचा, आणि लग्नात, बारशात, पतसंस्थेच्या स्नेहसंमेलनातसुद्धा दोन माणसं पकडून गाणं लावायचा. आम्ही हसायचो. पुढे त्याला शरणपूरच्या चर्चमध्ये उपासनेची गीतं बसवणारे शामुवेल साळवे भेटले. साळव्यांना अनेक आवाजांत गायची सवय. वरचा आवाज त्यांनी उचलला, मधला रंगनाथचा. खालचा सूर धरायला पोस्टातले एक गृहस्थ होते, त्यांची बदली झाली.

"बानी म्हणजे काय मोठं नाही," रंगनाथ मला म्हणाला. "शब्द नाहीत, तान नाही. आ किंवा ओ, बस. पण ती नसली तर वरचे दोघं हवेत लटकतात. तुझा आवाज वकिलांच्या बारमध्ये सगळ्यात भारदस्त. मी दुसरीकडे कुठं शोधू?"

मी मान हलवली, नाही. मग दाराकडे बोट दाखवलं.

"नाही म्हणायचंय? तर म्हणून दाखव," तो म्हणाला. "तोंडानं नाही म्हणालास की मी निघालो. नाही तर आ म्हण."

इतका राग मला आजारपणात कोणाचाच आला नव्हता. त्या रागात माझ्या तोंडून जे निघालं ते ओरडणं होतं, सूर नव्हता. पण ते 'तर' नव्हतं. रंगनाथनं लगेच त्याच्याखाली स्वतःचा आवाज सरकवला आणि माझं ओरडणं हळूहळू आपल्या सुरावर ओढून आणलं. माझा श्वास संपेस्तोवर आम्ही दोघं एकाच सुरावर उभे होतो. कुमुद झारा तसाच हातात धरून दारात उभी होती. तिकडे तेलात काहीतरी करपल्याचा वास आला, तरी ती हलली नाही.

त्यानंतर तो निफाडहून आठवड्यातून दोनतीनदा यायचा, आणि येताना साळव्यांना शरणपूरहून घेऊन यायचा. साळवे बँकेतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा शर्ट, अतिशय मृदू बोलणं. पहिल्या दिवशी ते मला म्हणाले, "गायधनीसाहेब, या गाण्यांतले निम्मे शब्द निरर्थकच आहेत. हारी, हारालो, असलं काहीतरी. खुद्द तिथल्या लोकांनाही त्याचा अर्थ ठाऊक नाही. मी सुरुवातीला फार घाबरलो होतो. मग म्हटलं, अर्थच नाही तर चुकणार काय?"

"म्हणजे मधू, तू आणि आम्ही एका पातळीवर," रंगनाथ म्हणाला.

वाचा-उपचाराच्या बाईंना कुमुदनं भीतभीतच विचारलं. त्या म्हणाल्या, "गाऊ द्या, जरूर गाऊ द्या. बोलण्याची वाट बंद असली तरी पुष्कळदा गाण्याची उघडी असते." जाताना त्यांनी पालथी घातलेली कार्डं हसत हसत पर्समध्ये टाकली.

माझं काम सोपं होतं. बहुतेक गाणं मी एकाच सुरावर उभा, तंबोऱ्यासारखा. शेवटाजवळ मात्र एक पायरी खाली उतरायचं, थांबायचं, आणि परत वर यायचं. "तू घरी पोचलास की मगच आम्ही पोचायचं," रंगनाथ समजावून सांगे. "घर तुझं. आम्ही पाहुणे. यजमानाच्या आधी पाहुणा घरात शिरत नाही."

आणि गंमत अशी, की हा नियम तो स्वतःच मोडायचा. शेवट आला की त्याला घाई व्हायची. मी अजून खालच्या पायरीवर असतानाच तो मुक्कामाच्या सुरावर येऊन बसायचा. मग माझी वर येण्याची वाट अडायची आणि सगळं गाणं फिसकटायचं. मी टेबलावर डावा हात आपटायचो, "तर! तर!"

"काय झालं?" तो भोळा चेहरा करून विचारी.

"तर!"

"वकीलसाहेब, हरकत नोंदवायची तर कारण द्यावं लागतं." मग तो साळव्यांकडे वळे. "चला, पुन्हा पहिल्यापासून."

साळवे छताकडे बघत बसायचे. थंडी पडली, ओसरली. मी दुपारी झोपायचा बंद झालो. तीनच्या सुमाराला गाडीचा आवाज आला की माझी छाती आपोआप भरून यायची, विहिरीत उडी मारण्याआधी पोरांची भरते तशी. कुमुद म्हणायची, "अहो, तुम्ही हल्ली झोपेतसुद्धा घुमता."

फेब्रुवारीत लेवान आला. नाशिकच्या वाइनवाल्यांनी त्याला सल्ल्यासाठी बोलावलं होतं. रंगनाथ ज्या घरात राहिला होता त्या घरातला हा नातू. तेव्हा शेंबडं पोर होता, आता पस्तिशीचा, दांडगा, दाढीवाला गडी. रविवारी दुपारी रंगनाथनं आम्हाला सगळ्यांना मळ्यावर जेवायला बोलावलं. घरून निघताना मी फाटकाशीच थांबलो. आजारानंतर परक्या माणसासमोर मी पहिल्यांदाच जाणार होतो. कुमुदनं माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाली, "नाही गाता आलं तर नाही. मांडे खाऊन येऊ."

द्राक्षांच्या मांडवाखाली टेबलं जोडून त्यावर चादरी घातल्या होत्या. डोक्यावर काढणीला आलेले घड लोंबत होते. प्रमिलावहिनींनी, म्हणजे रंगनाथच्या बायकोनं, खापरावरचे मांडे, आमटी, वांग्याचं भरीत असा बेत केला होता. लेवाननं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि छातीवर हात ठेवून वहिनींना वाकून नमस्कार केला. वहिनी लाजून पदर सावरत आत पळाल्या.

लेवानच्या देशात जेवणात मधेमधे उठून पेला उचलायचा आणि कोणासाठी तरी चार शब्द बोलायचे, अशी रीत. लेवान पेला घेऊन उभा राहिला. तो इंग्रजीत बोलत होता, मोडक्यातोडक्या, पण स्पष्ट.

"हा पेला जे गेले त्यांचा. माझे आजोबा शाल्वा, त्यांचा. आणि रंगनाथच्या वडिलांचा."

"लेवान, ते राहू दे," रंगनाथ पटकन म्हणाला.

"का राहू दे? यांना ठाऊक नाही?"

आम्हाला खरंच ठाऊक नव्हतं. रंगनाथ परदेशात असताना त्याचे वडील गेले आणि त्याला येता आलं नाही, एवढंच मला माहीत होतं. जॉर्जियाच्या गोष्टी तो सांगायचा त्या सगळ्या हसायच्या. शिंगातून वाइन प्यायल्याची, बर्फात घसरल्याची.

"मी तेव्हा लहान होतो, पण मला तो दिवस आठवतो," लेवान म्हणाला. "हिवाळा होता. रंगनाथबरोबरचा दुभाषा आजारी पडून शहरात परत गेला होता. रस्ते बर्फानं बंद. आमच्या गावात इंग्रजी कोणाला येत नव्हतं, आणि यांना आमची भाषा दहावीस शब्दांपलीकडे येत नव्हती. अशात एक तार आली. यांनी ती वाचली आणि खाली तळघरात जाऊन बसले, जिथं आमचे वाइनचे रांजण पुरलेले असतात. काय झालं ते आम्हाला कळेना. यांना सांगता येईना. आजी रडायला लागली, कारण हे रडत नव्हते. दिवसभर बसले होते, तोंड उघडायचे आणि मिटायचे."

रंगनाथ समोरच्या ताटात बोटानं रेघा ओढत होता.

"संध्याकाळी आजोबा खाली गेले. त्यांनी काही विचारलं नाही. हाताला धरून यांना वर आणलं, मेजाशी स्वतःच्या शेजारी बसवलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, बानी. शेजारचे दोघं गायला लागले. आजोबांनी खालचा सूर धरला, आणि यांनी तो आजोबांकडून उचलला. एक गाणं झालं, दुसरं झालं. कितीतरी वेळानं हे रडले. गाता गाताच रडले, पण सूर सोडला नाही. कोण गेलं ते आम्हाला नंतर समजलं. पण त्या संध्याकाळी आमच्या मेजावरचे सगळे त्यांच्याबरोबर त्या माणसासाठी गात होते." लेवाननं पेला उंच केला. "यांचे वडील आमच्या घरातले आहेत."

मी रंगनाथकडे पाहिलं. शाळेपासूनचा माझा मित्र. मुकं होणं म्हणजे काय ते त्याला माझ्याआधी पंचवीस वर्षं माहीत होतं, आणि गेले कित्येक महिने त्यानं मला त्याबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी ती कीव समजलो असतो, हेही त्याला माहीत असणार.

"बास झालं आता," रंगनाथ नाक शिंकरत उठला. "साळवे, सूर द्या."

साळव्यांनी सूर दिला. मी छाती भरून घेतली. लेवान शेजारी येऊन उभा राहिला. त्याला वाटलं असणार की हा आजारी माणूस, बानी आपल्यालाच धरावी लागेल. पण मी सूर लावल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि स्वतःचा आवाज माझ्याखाली न घालता माझ्याच सुरात मिळवला. वर साळवे निघाले, मागोमाग रंगनाथ. मांडवाखाली ते गाणं घरातल्यासारखं वाटलं नाही. आवाज वर जाऊन पानांतून बाहेर पडत होता. पलीकडच्या ओळीत काढणी करणाऱ्या बाया कात्र्या थांबवून बघत होत्या.

शेवट आला. मी पायरी उतरलो. थांबलो. आता वर यायचं, म्हणून श्वास सावरला, आणि इतक्यात रंगनाथ नेहमीसारखा धाडकन घरात शिरला.

"चूक!" मी म्हणालो.

गाणं थांबलं. मलाच समजेना कोण बोललं ते. माझा डावा हात वर गेलेला होता, कोर्टात हरकत घेताना जायचा तसा.

"चूक," मी परत म्हणालो. "चूक! चूक!"

साळव्यांनी तोंडावर रुमाल धरला. रंगनाथ खाली बसला, खुर्चीवर नव्हे, जमिनीवर, मातीत. कुमुद भरीत वाढत होती. तिनं पातेलं टेबलावर ठेवलं, माझ्यासमोर आली आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, चारचौघांत, प्रमिलावहिनींच्या देखत.

"अहो, पुन्हा म्हणा."

"चूक."

"अजून एकदा."

"चूक."

"लग्नाला इतकी वर्षं झाली," ती रडत, हसत म्हणाली, "यांच्या तोंडून हा शब्द कमी का ऐकला मी? पण आज म्हणा. दिवसभर म्हणा."

लेवानला कोणीतरी शब्दाचा अर्थ सांगितला. त्यानं डोकं मागे टाकून मोठ्यानं हसून घेतलं आणि रंगनाथला बखोटीला धरून उभं केलं. "बरोबर आहे यांचं," तो म्हणाला. "तू लवकर आलास. आजोबांनीसुद्धा तुला हेच सांगितलं असतं."

मग आम्ही ते गाणं परत म्हटलं. या वेळी रंगनाथ थांबला. मी उतरलो, थांबलो, वर आलो, आणि मागोमाग ते दोघं आले. चौघांचा मिळून एकच सूर झाला, आणि तो संपल्यावरही थोडा वेळ मांडवाखाली राहिला.

तो शब्द आला म्हणून बाकीचे लगेच आले नाहीत. पुढची दोन वर्षं मी एकेक शब्द परत मिळवत गेलो, काही अजूनही ऐन वेळी हुलकावणी देतात. उभं राहून युक्तिवाद करणं मी सोडलं. घरी बसून सल्ला देतो, आणि लोकांचं पूर्वीपेक्षा जास्त ऐकून घेतो. वाचा-उपचाराच्या बाईंकडे पुन्हा गेलो, आणि मांजराला मांजर म्हणालो. रंगनाथ मुद्दाम चुकत होता का, हे मी त्याला कितीदा विचारलं. तो म्हणायचा, "वकीलसाहेब, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कोणावर करता येत नाही." साळव्यांना विचारलं तर ते छताकडे बघायचे. ऑक्टोबरच्या छाटणीत, मळ्यातच, हृदयविकारानं रंगनाथ गेला. हातात कात्री होती. लेवानच्या घरी आजही जेवणात गेलेल्यांसाठी पेला उचलतात तेव्हा त्यात निफाडच्या एका माणसाचं नाव घेतात, असं लेवान दरवर्षी फोनवर सांगतो.

त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. संध्याकाळी रंगनाथनंच आम्हाला गाडीतून नाशिकला आणून सोडलं. कुमुद मागच्या सीटवर दमून झोपली होती. फाटकाशी गाडी थांबली, तसा मी उतरलो नाही. त्याच्याकडे वळून बसलो. मला त्याचे आभार मानायचे होते. आयुष्यात मी हजार सभांतून हजार लोकांचे आभार मानले असतील. तो शब्द मला डोळ्यांसमोर लिहिल्यासारखा दिसत होता. मी तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. रंगनाथ स्टिअरिंगवर हात ठेवून थांबला. त्यानं शब्द सुचवला नाही, घड्याळात पाहिलं नाही.

"जामीन," मी म्हणालो.

दोघांनाही कळलं की हा तो शब्द नव्हे. मी शरमून मान हलवली आणि पुन्हा जोर लावला. पुन्हा तेच आलं. "जामीन."

रंगनाथनं माझ्या पांगळ्या हातावर हात ठेवला.

"मंजूर," तो म्हणाला.